भोक नसलेलं काडतूस

लीलंड कुख्तानं रिव्हॉल्वर जुन्या मित्राच्या, ऑगीच्या हातात दिलं, आणि सिंकपाशी बटाटे सोलणाऱ्या व्हर्नाचा हात थांबला.

त्यानं ते बंद दिलं होतं.

लीलंडची बायको म्हणून अडतीस वर्षं ती या स्वयंपाकघरात गुरुवारची दुपार बघत आली होती. टेबलावर जुनी हिरवी चादर, कॉफीचे दोन मग, आणि चादरीवर लीलंडच्या संग्रहातलं एखादं आखूड नळीचं, रुंद तोंडाचं रिव्हॉल्वर. ते दुसऱ्याच्या हातात देण्याआधी तो अंगठ्यानं खटका सरकवी, गोळ्यांचं चक्र बाजूला पाडी, खिडकीकडे धरून पाची घरांतून उजेड आरपार येतो का ते बघे. मग प्रत्येक घरात करंगळीचं टोक घाली. एवढं झालं की उघडंच्या उघडं, मूठ पुढे करून देई. घेणारानंही हे सगळं पुन्हा करायचं. मागे एकदा एक विमा एजंट हसून म्हणाला होता, "अहो, आत्ता तर बघितलंत!" लीलंडनं ते परत कपाटात ठेवलं, त्याला कॉफी पाजली, दारापर्यंत पोचवलं, आणि पुन्हा कधी त्या माणसाला एकाही वस्तूला बोट लावू दिलं नाही.

ऑगीनं क्षणभर वाट पाहिली. मग खटका स्वतःच सरकवला.

"लेका, यात पाच काडतुसं बसलीयत."

"खोटी आहेत. शनिवारसाठी भरून ठेवलीत."

"बायको म्हणाली होती, कुख्ताकडे चाललायस तर जेवून ये. मरून ये असं नव्हती म्हणाली."

लीलंड हसला. ऑगीही हसला, पण काडतुसं त्यानं घाईघाईनं चादरीवर ओतली. ती चादरीवरून घरंगळली. हाताला लागली तेवढी त्यानं उचलून बिस्किटांच्या डब्यात टाकली.

निघताना तो दारात मफलर बांधत उभा राहिला. लीलंड आत हात धूत होता.

"व्हर्ना, बंद दिलं त्यानं."

"बघितलं मी."

"कधीपासून चाललंय हे?"

फेब्रुवारीत लीलंड गाडी चर्चच्या आवारात विसरून बर्फातून चालत घरी आला होता. मुलीला दोनदा त्यानं स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली होती. हे व्हर्नानं रोज सकाळी प्रार्थनेत देवाच्या कानावर घातलं होतं. माणसांपैकी कुणाला सांगितलं नव्हतं.

"शनिवारी क्लबाच्या प्रदर्शनाला दीडशे माणसं येतील," ऑगी हळू म्हणाला. "दुसऱ्यांच्या टेबलावर वस्तू तारेनं बांधलेल्या असतात. याच्या टेबलावर नसतात. कुख्ताच्या हातचं म्हणून कुणी तपासतसुद्धा नाही. तूच बोल त्याच्याशी. माझ्यानं नाही व्हायचं. मला त्यानंच शिकवलंय."

"बोलते."

पण तिला शब्द सापडेनात. हा संग्रह म्हणजे लीलंडचा जीव. एकोणीस वस्तू. गिरणी बंद पडली त्या वर्षी पहिली आली. लांब नळीची, नक्षीची रिव्हॉल्वरं त्याला कधी भुरळ घालू शकली नाहीत. तो म्हणे, "ती मिरवायची. ही बघ, हातात घे. मुठीत मावते आणि विटेएवढी जड. हिनं कुणी मैदानात नेम धरला नाही. रात्रीची पाळी करणारा रेल्वेचा माणूस, खेड्यातला डॉक्टर, पेठेतला दुकानदार, यांच्या कोटाच्या खिशात हिनं तीस-तीस वर्षं काढली. एकदाही न उडता. कुणाची तरी भीती आहे ही, व्हर्ना. लोखंडाची केलेली." मुठीच्या फटीत जुन्या खिशाचा धागा सापडला की तो चिमट्यानं काढून पाकिटात ठेवी आणि पाकिटावर मूळ मालकाचं नाव लिही. व्हर्नानं अडतीस वर्षांत एकाही रिव्हॉल्वरला हात लावला नव्हता. पाकिटं मात्र ती अधूनमधून झटकून नीट लावी.

मांडून ठेवताना रिकामी घरं दात पडलेल्या तोंडासारखी दिसतात, असं त्याचं म्हणणं. समोरून पाहिलं की पाच जाडजूड शिशाची टोकं दिसली पाहिजेत. सगळी शोभा तिथंच. म्हणून तो तळघरात खोटी काडतुसं बनवी. पितळ खरं, शिसं खरं, आत दारू नाही. आणि कुणाची फसगत होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या कुशीत आगपेटीच्या काडीएवढं आरपार भोक. चक्रात बसली की मागून खरं-खोटं सारखंच. ओळखायचं ते बाहेर काढून, भोकावरून. खरी काडतुसंही तो त्याच बाकावर भरी. इतकी वर्षं दोहोंमध्ये एक लाकडी फळी होती आणि लीलंडचं डोकं होतं.

तिनं चादर झटकायला उचलली, तर पावाच्या टोपलीखालून एक काडतूस निघालं. ऑगीच्या हातून सुटलेलं पाचवं. ते पुसून डब्यात टाकणार, इतक्यात तिनं ते फिरवून पाहिलं. पुन्हा फिरवलं.

भोक नव्हतं.

"लीलंड, हे बघ रे."

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "हात्तिच्या! पाडायचं राहिलं की. आण इकडं, दोन मिनिटांचं काम." आणि तिच्या हातून घेऊन, शीळ घालत तो तळघराचा जिना उतरला.

व्हर्ना बटाट्यांकडे वळली. शुक्रवारच्या चर्चमधल्या जेवणासाठी अजून निम्मे सोलायचे होते. सुरी हातात घेतली आणि तिला आठवलं, काडतूस फिरवताना आत काहीतरी सरकलं होतं. अगदी बारीक. मिठाच्या डबीत मीठ सरकतं तसं. तिनं ओल्या हातानं बिस्किटांच्या डब्यातलं एक उचललं, कानाशी हलवलं. काही नाही. दुसरं. काही नाही.

खाली ड्रिल मशीनची मोटर सुरू झाली.

हाक मारून उपयोग नव्हता. मशीन चालू असलं की त्याला ऐकू येत नसे. जिन्याच्या तोंडाशी विजेची पेटी होती. तिनं तिचं झाकण उघडलं आणि मुख्य खटका खाली ओढला.

मोटर घरघरत थांबली. फ्रिजही थांबला. घरात एकदम शांत झालं.

"व्हर्ना? वीज गेली काय गं?"

"मी घालवली."

"काय?"

"काडतूस खाली ठेव, लीलंड. हात लावू नकोस. मी येतेय."

ती बॅटरी घेऊन उतरली. काडतूस मशीनच्या चिमट्यात आडवं पकडलेलं होतं आणि ड्रिलचं टोक त्याच्यावर बोटभर अंतरावर थांबलं होतं.

"आतून आवाज येतो त्याच्या."

"कसला आवाज? शिसं सैल बसलं असेल." तो चिडला होता. "अडतीस वर्षं करतोय हे मी. तू मला शिकवणार?"

"नाही. तू मला दाखव. फोडून दाखव, मी गप्प बसते."

त्यानं काडतूस सोडवलं, फडताळातून काडतुसाचं शिसं सुटं करायची प्लास्टिकची पोकळ हातोडी काढली, तिच्या डोक्यात ते अडकवलं आणि फरशीवर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आत काहीतरी सुटल्याचं दोघांनाही ऐकू आलं. त्यानं हातोडी उघडून तळहातावर उलटी केली. आधी शिसं पडलं. मग त्याच्या मागोमाग करड्या दाण्यांची एक छोटी ढिगली, हाताच्या रेषांत पसरत गेली.

बॅटरीच्या उजेडात लीलंड तळहाताकडे बघत राहिला. दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसा.

"हे मी भरलं?"

"इथं दुसरं कोण येतं?"

तो म्हणाला, "वर चल. सगळी काढायची."

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, दोघं टेबलाशी बसली. त्यानं एकेक वस्तू उघडायची, काडतुसं ओतायची, पाची घरांत करंगळी घालायची आणि मूठ पुढे करून तिच्याकडे द्यायची. पहिलं घेताना व्हर्नाचा हात वजनानं खाली गेला. मग तिनंही खिडकीकडे धरलं, पाच गोल उजेड पाहिले, पाच गार घरांत करंगळी घातली. काडतुसांची भोकं ती तपासत होती. तो तिकडे बघत नव्हता. सातव्यात एक सापडलं. बाराव्यात दोन. ती न बोलता चहाच्या वाडग्यात वेगळी ठेवत गेली, आणि प्रत्येक वेळी वाडगा वाजला की लीलंडचा खांदा हलला.

अठरा झाली. कपाट रिकामं होतं.

"एकोणिसावं?"

"तेवढीच."

"लीलंड, एकोणीस आहेत. त्या खेड्यातल्या डॉक्टरांचं कुठंय? खिशात अडकू नये म्हणून घोडा कापलेलं?"

त्यानं कपाटाकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, मग स्वतःच्या कोटाचे खिसे चाचपले. "दिलं मी कुणाला तरी," तो म्हणाला. आणि मग एकदम तिच्या मनगटाला धरून, "उघडून दिलं होतं ना गं मी?"

फ्रिजच्या दारावर शनिवारच्या प्रदर्शनाचा कागद लावलेला होता. त्यावर डॉक्टरांच्या रिव्हॉल्वरचा फोटो होता, अगदी समोरून काढलेला: आखूड नळीचं काळं तोंड आणि भोवती शिशाची टोकं. फोटो क्लबच्या सेक्रेटरीनं, जोलीननं, काढला होता. व्हर्नानं नंबर फिरवला आणि फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला.

"अगं व्हर्ना! शुक्रवारच्या बटाट्यांचं विचारायला फोन केलास का? शंभर माणसांचे लागतील हं."

"जोलीन, लीलंडचं रिव्हॉल्वर तुझ्याकडे आहे?"

"आहे की, समोरच. सोमवारपासून कागदांवर वजन म्हणून ठेवलंय. काय गोड वस्तू आहे! चाप कसला लोण्यासारखा चालतो. फोनवर कुणी फार बोलायला लागलं की मी आपली तो अर्धा ओढून सोडत बसते. आत्ताही—"

"नको!" व्हर्ना उभी राहिली.

लीलंडनं फोन जवळ ओढला. त्याचा आवाज अगदी हळू होता. "जोलीन, मी लीलंड. ते टेबलावर ठेव. तोंड भिंतीकडे. चापाला बोट लावू नकोस. खोलीतून बाहेर जा आणि दार लावून घे."

"अहो, पण खोटीच आहेत ना? तुमच्या हातची आहेत म्हणून मी..."

"मी तुला ते बंद दिलं," लीलंड म्हणाला. "चूक माझी. जा बाहेर."

क्लब सहा मैलांवर होता. व्हर्ना गाडी चालवत होती. रस्त्याकडेचं बर्फ विरघळून काळं झालं होतं. लीलंड मांडीवर हात ठेवून बसला होता आणि उजव्या करंगळीचं टोक डाव्या अंगठ्यानं चोळत होता, सारखं.

जोलीन दाराबाहेर, कोट न घालता, हात काखेत धरून उभी होती. ती दोघं आत गेली. रिव्हॉल्वर पावत्यांच्या गठ्ठ्यावर होतं, तोंड भिंतीकडे. लीलंडनं हात पुढे केला आणि मागे घेतला.

"तू उघड," तो म्हणाला. "मी सांगतो तसं."

त्यानं सांगितलं, तिनं खटका सरकवला. चक्र बाजूला पडलं. तिनं ते ओतलं. पाच काडतुसं पावत्यांवर पडली. लीलंड भिंतीवरच्या हरणाच्या शिंगांकडे तोंड करून उभा राहिला.

"भोकं?"

तिनं पहिलं उजेडात धरलं. आहे. दुसरं, आहे. तिसरं, आहे. चौथं, आहे. पाचवं तिनं फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि मग कानाशी हलवलं.

नाही हा शब्द तिच्या ओठांवर येईना. आहे म्हणावं, असं एक क्षण वाटलं. गाडीत बसल्यावर ते नदीत टाकता येईल, त्याला कळणारही नाही. पण हातातलं दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे तिनं याच माणसाकडून पाहिलं होतं, अडतीस वर्षं, दर गुरुवारी. तिनं तळहात उघडला आणि त्याच्यापुढे धरला.

त्यानं पाहिलं. काडतुसाच्या कुशीवरून बोट फिरवलं, एकदा पूर्ण गोल. बोट कुठंच अडलं नाही. मग त्यानं खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर, काडतुसाशेजारी ठेवली.

दार किलकिलं झालं. जोलीननं तोंड आत घातलं. ओठ निळे पडले होते, तरी हसायचा प्रयत्न करत होती.

"उगीच घाबरवलंत मला. रिकामंच होतं ना?"

व्हर्ना लीलंडकडे बघत राहिली. उत्तर त्याचं होतं.

"नव्हतं," तो म्हणाला.