पितळ आणि दिवा

पोलीस अधिकारी दालनात शिरला आणि अग्निया आपल्या चित्रापाशी जाऊन उभी राहिली. प्रदर्शन दुपारी उघडायचं होतं. त्याआधी एकेक चित्र तपासून देवाधर्माचं दिसेल ते जप्त करायचं, असा हुकूम होता. असल्या वात्रट चित्रकारांच्या भिंतीवर संत टांगलेले पाद्र्यांना खपत नव्हते. वस्तू काढायचीच नाही, तिच्यावरून उसळणारे उजेडाचे किरण तेवढे काढायचे, हा या चित्रकारांचा हट्ट. मॉस्कोत सगळे त्यांना ‘किरणवाले’ म्हणून हिणवत.

अग्नियाचं एकच चित्र होतं, वर्षभर जीव ओतून काढलेलं. यादीत तिनं नाव दिलं होतं ‘पितळ आणि दिवा’. नाव खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. गावच्या घरात देवाच्या कोपऱ्यात देवमातेची तसबीर होती, तिच्यावर मढवलेला पितळी पत्रा. लहानपणी अंथरुणातून पाहिलेला त्या पत्र्यावरचा दिव्याचा उजेड तिनं रंगवला होता. पुढे घर जळलं, त्यात तसबीरही गेली.

दोन चित्रं खाली उतरवून अधिकारी तिच्यापुढे आला.

“हे काय? गवताची गंजी?”

“मांजरानं लोकर विस्कटलीय, साहेब,” शिपाई फिदीफिदी हसला.

“पितळ आहे,” अग्निया म्हणाली. “आणि दिवा.”

“तुम्ही म्हणताय तर असेल, बाई.” यादीत ‘चालेल’ अशी खूण करायला त्यानं पेन्सिल जिभेला लावली.

तेवढ्यात दारातून आवाज आला, “अगं, तो दारवान आत सोडेना! म्हटलं, लेकीचं गवत बघायला आलेय, सोड मेल्या!”

अग्नियाची आई, फेवरोन्या. हातात फडक्यात बांधलेला कोबी भरलेला पाव. लेकीच्या चित्रांना ती आजवर गवतच म्हणत आली होती. आज मात्र चित्र दिसताच ती दारातच थांबली. तिनं गाठोडं जमिनीवर ठेवलं, कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला आणि कमरेत वाकली.

अधिकाऱ्याची पेन्सिल थांबली. “आजीबाई, कुणाच्या पाया पडताय?”

आईनं लेकीचा पांढराफटक चेहरा पाहिला, जमिनीवरची दोन चित्रं पाहिली. म्हातारी खुळी नव्हती, तिला सगळं उमगलं. म्हण ना आई, कंबर धरली म्हणून वाकले! अग्निया डोळ्यांनी विनवत होती.

“आमच्या घरच्या देवमातेच्या, साहेब,” आई म्हणाली. “डाव्या खांद्याशी पत्र्याला पोचा होता. तिथं उजेड असा तिरका फुटायचा. बघा, फुटलाय.” मग लेकीकडे वळून हळूच म्हणाली, “तिला नाही कशी म्हणू, पोरी?”

“उतरवा,” अधिकारी म्हणाला.

शिपाई पुढे झाला. चित्राला हात लावता लावता थबकला. मघाशी हसणाऱ्या त्या माणसानं टोपी काढून काखेत धरली आणि चित्र दोन्ही हातांनी, छातीशी धरून, समोरच्याला दिसेल असं उचललं. अधिकाऱ्यानं नुसतं खाऊ की गिळू असं पाहिलं.

चित्र दाराबाहेर गेलं. अग्नियाला आईचा भयंकर संताप आला, आणि तिच्या कुशीत शिरावंसंही वाटलं. अख्ख्या मॉस्कोत ते चित्र ओळखणारी एकच बाई निघाली होती, आणि तिनंच ते घालवलं होतं. आई मोकळ्या खिळ्याकडे बघत रडत होती. अग्नियानं जमिनीवरचं गाठोडं उचललं. पाव अजून कोमट होता.