गुडघाभर पाणी

गॉगलच्या डाव्या काचेत एक थेंब आत राहिला होता, आणि मान हलवली की तो सबंध तळ्यावरून घरंगळत जायचा... पुसायला हवा होता. पण गॉगल काढला असता तर तिचे डोळे अमेयला दिसले असते. अमेय धक्क्यावर कॅमेरा घेऊन उभा होता. नवराच तो, त्याला एकट्यालाच सगळं माहीत — की नवशिक्यांना ट्रायथलॉन शिकवणारी, इंटरनेटवर हसत हसत 'घाबरायचं काही नाही' म्हणणारी अबोली खोल पाण्याला टरकते, आणि पोहण्याचे सगळे व्हिडिओ तिने इथेच काठाशी, गुडघाभर पाण्यात, गुडघे टेकून, पुढे वाकून केलेत. पाणी हनुवटीला लागलं की बघणाऱ्याला वाटतं, केवढ्या खोलात आहे ही! सायकल खरी होती, धावणं खरं होतं. एवढ्याशाने कुणाचं काय बिघडतंय, असं तिला आजवर वाटत आलं होतं.

आणि आज दिगंबरकाका आले होते. बेलव्ह्यू शहरात राहणारे, भूल देणारे डॉक्टर, नुकतेच रिटायर झालेले. ऑगस्टमध्ये पहिली शर्यत करायची म्हणून तिचे व्हिडिओ पाहून पाहून पूलमध्ये पोहायला शिकले, आणि आता पहिल्यांदाच तळ्यात उतरणार होते, तिच्या भरवशावर.

"अबोली, मी आयुष्यभर पेशंटना 'काही होणार नाही' म्हणत आलो," काका म्हणाले, "पण तुझ्यासारखं कन्व्हिन्सिंगली मला कधी जमलं नाही बघ!"

"काका, आज काठाशीच करू या का? लाइट बरा नाहीये."

"अगं, लख्ख ऊन आहे की!"

सांगून टाकावं, आत्ताच... पण अमेय "रोलिंग" म्हणाला आणि तिचा चेहरा आपोआप हसला. काका लांब खोलात तरंगणाऱ्या पिवळ्या बोयाकडे निघालेसुद्धा. हात संथ, तोंड पाण्यात, श्वास बाहेर — मी शिकवलं तसंच, अगदी तस्संच... आणि मी कुठे आहे? तिने खाली पाहिलं. सवयीने तिने गुडघे टेकले होते.

बोयाच्या अलीकडे काका थांबले. एक हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. कॅमेऱ्याला खुशीत हात दाखवतायत, की... अडचण आली तर हात वर धरा, हेही तिनेच सांगितलेलं!

"अबोली, ते बोलावतायत का गं?" अमेय ओरडला. त्याला तर पोहताही येत नव्हतं.

ती उठली, चालली, आणि पायाखालची जमीन संपली. खाली हिरवं, मग काळं, मग काहीच नाही. तोंड पाण्यात, श्वास बाहेर. तेवढ्याने भीती जाते, असं ती सांगायची. गेली नाही, तसूभरही नाही. तरी हात चालत होते... आणि तिथे पोचल्यावर आपण काकांना काय सावरणार, आपणच त्यांच्या गळ्यात पडू, या विचाराने ती आणखीच घाबरली, आणि पोहत राहिली.