दोनाच्या जागी तीन

…टॉर्चचा पिवळा गोल आधी दातांवर आला, मग जिभेवर, मग गालाच्या आत वळला, आणि तिथं काही सापडत नाही म्हटल्यावर दाढेतल्या चांदीवर बराच वेळ थांबला — जणू चांदीनंच गोळी लपवली असावी.

"जीभ वर करा."

रामप्रसादनं केली.

मग रत्नमालानं, त्याच्या बायकोनं, दोन बोटांनी त्याचा गळा वरून खाली चोळला. हे तिला तिच्या बापानं शिकवलं होतं. बापाचं नाव कारभारी; पन्नास वर्षं मेंढरं राखलेला माणूस, वैजापूरहून जावयाला बघायला आला आणि डॉक्टरांचे कागद बाजूला सारून म्हणाला, "रतन, मेंढरू गोळी गालात धरतंय, अन् तू पाठ फिरवली की थुकतंय. नरडं चोळायचं, हालतंय का बघायचं." तेव्हापासून रामप्रसाद रोज दोन वेळा मेंढरू होत असे. राग यायचा नाही. रागाची गोळी वेगळी असावी.

रक्तात औषध किती उरतं याची तपासणी दोनदा झाली होती, आणि दोन्ही वेळा जवळपास काहीच उरलेलं नव्हतं. दुसऱ्या वेळी दवाखान्याच्या जिन्यात रत्नमाला शांतपणे म्हणाली, "अजून एकदा असं निघालं तर मी ज्ञानेश्वरीला घेऊन वैजापूरला जाईन. फसवणाऱ्या माणसाजवळ लेकरू ठेवणार नाय."

तिचंही चुकत नव्हतं. मागच्या वैशाखात तो ओट्यावरच्या निळ्या ड्रममध्ये जाऊन बसला होता, दोन दिवस. त्यांच्या गारखेड्यात नळाला सहाव्या दिवशी पाणी, ड्रम रिकामाच, आत गार वाटायचं. हरकत घेण्यासारखं खरं तर काही नव्हतं. मग नळ आला. उठतील तरी, म्हणून रत्नमालानं पाइप ड्रममध्ये सोडला, पाणी छातीपर्यंत चढलं… आणि तो उठला नाही. सहा वर्षांची ज्ञानेश्वरी बाजूला उभी राहून शेजाऱ्यांना सांगत होती, बाबा भरत आले.

आणि त्यानंतर सुरू झालेल्या गोळ्या? गिळत होतो की मी. म्हणजे… मार्चमधले नऊ दिवस सोडून. वर्षभर ड्रमची आठवण झाली नव्हती, सकाळी उठावंसं वाटत होतं, आणि हा उठावंसं वाटणारा गृहस्थ कोण, अशी त्याला शंका आली होती. त्याला जरा उपाशी ठेवून बघावं, एवढाच हेतू. वरच्या दाढेमागं गोळी ठेवायची आणि थुंकीचा घोट घ्यायचा — नरडं हालतं. त्या सगळ्या गोळ्या खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीत, बोटभर मातीखाली होत्या. सलग दुसऱ्या दुष्काळात घरात कोरफड तेवढी खुशीत होती.

दुपारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिसऱ्याच तपासणीचा कागद पुढं सरकवला. वर जनुकाचं नाव होतं: सीवायपी टू डी सिक्स. रामप्रसाद प्लॉटिंगच्या ऑफिसात नकाशे काढायचा; त्याला वाटलं, सिडकोतल्या घराचा नंबर असणार, बहुतेक कॉर्नरच्या.

"यकृतात औषध मोडून टाकणारं एक विकर असतं," डॉक्टर म्हणाले. "ते बनवणाऱ्या जनुकाच्या बहुतेकांकडं दोन प्रती असतात. यांच्याकडं तीन. गोळी रक्तात येते न येते तोच फडशा."

"म्हणजे हे गिळत होते?" रत्नमालाचा आवाज बारीक झाला.

"गिळत असणार हो. पण यांच्या बाबतीत ही गोळी गिळली काय, न गिळली काय, सारखंच."

सारखंच… मग वर्षभर मला ड्रमपासून लांब कुणी ठेवलं? त्याला विचारायचं होतं, पण डॉक्टर नवी चिठ्ठी लिहीत होते आणि रत्नमाला पदरानं डोळे पुसत होती.

रिक्षात ती म्हणाली, "चुकलं माझं. तुम्हाला मेंढरासारखं वागवलं."

"नाय, तसं काय नाय," तो म्हणाला. मार्चचं आता सांगावं, या वळणावर नाहीतर पुढच्या. पण कागदावर शिक्का होता, आणि शिक्का असलेल्या माणसाचा कबुलीजबाब कोण खरा धरणार? रस्त्यात टँकरभोवती निळ्या ड्रमांची रांग लागली होती. त्यानं प्रत्येकात डोकावून पाहिलं. कुणी बसलेलं नव्हतं. निदान दिसेल असं नव्हतं.

दिवेलागणीला तिनं नवी गोळी त्याच्या तळहातावर ठेवली — हिच्या वाटेत ते जनुक येत नाही म्हणे — टॉर्चमधले सेल काढले, टॉर्च कपाटात टाकला आणि आत भाकऱ्या थापायला गेली.

गोळी तोंडात गेली. पाण्याचा घोट घेतला. सवयीनं तो 'आ' करून उभा राहिला, जीभही वर केली. समोर फक्त कोरफड होती. गोळी खाली गेली की दाढेमागं बसली, हे जिभेनं चाचपून बघायचं धाडस होईना.

"रतन, बघून जा ना जरा."

"आता कशाला?" आतून भाकरीच्या थापांबरोबर उत्तर आलं. "कागद आलाय की."

उघड्या तोंडात वारा शिरत होता. त्यानं स्वतःचीच दोन बोटं गळ्यावर ठेवली, वरून खाली चोळली. काहीतरी हाललं. पण तसं सांगणारी बोटं त्याचीच होती, आणि त्या माणसाला तो ओळखून होता.