अंतराळआजी

“आई, कॅमेऱ्याकडे नाही, टीव्हीकडे बघ. कॅमेरा नाहीच असं समज.”

“नाहीच कसा समजू? समोर एवढा दिवा लावून ठेवलायस, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत.”

“हे छान. असंच बोल, पण भाग सुरू झाल्यावर.”

मुलाने तिच्या पाठीमागची उशी सारखी केली, गळ्यापाशी चिमुकला माइक अडकवला आणि कपाळावर आलेली बट मागे सारली. आठवड्यातून एवढा एकच तास तो तिच्या इतका जवळ येत असे. त्या तासाच्या जोरावर ती अख्खा आठवडा काढायची, आणि हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

टीव्हीवर यान आलं. आकाशात वाट चुकलेलं भलंमोठं यान, त्यात अर्धा जबडा लोखंडाचा असलेला कप्तान, एक डॉक्टरीण, तिचा इंजिनीअर नवरा आणि भिंतींतून ये-जा करणारे हिरवे परग्रहवासी, असा सगळा संसार. मालिकेचा तिसरा सीझन चालू होता. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे, आणि तेच तर भांडवल होतं.

मुलगा या मालिकेचा वेडा. नोकरी विम्याच्या कचेरीत, पण जीव यानात. दर नव्या भागावर तो कॅमेऱ्यासमोर तासभर बोलायचा आणि ते इंटरनेटवर टाकायचा. बघणारे इनमिन पाच-पन्नास. एकदा तो असाच बोलत असताना ती वाळलेल्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन मागून गेली, पडद्यावरच्या हिरव्याकडे बघून म्हणाली, “ह्या मेल्याला कुणीतरी उन्हात बसवा रे, शेवाळ धरलंय अंगाला,” आणि निघून गेली. त्या एका वाक्यावर लोक तुटून पडले. त्यांनी तिला नावही ठेवलं, अंतराळआजी. वर्षानुवर्षं घसा फोडून जे पोराला जमलं नाही ते आईने कपडे नेता नेता केलं, आणि हे पोराच्या मनाला कुठेतरी लागलंही. पण दुभत्या गाईच्या लाथा गोड लागतात.

ती टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली. कानाला यंत्र लावून परक्यांचे फोन जोडून देण्यात हयात गेली, आणि घरात मात्र मायलेकांत ‘जेवलीस का’ आणि ‘किल्ली कुठंय’ याच्यापलीकडे शब्द उरला नव्हता. कारण दोघांनाही ठाऊक होतं. नवरा दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होता. डॉक्टर म्हणाले, आता यातून परत येणं नाही, मशीन काढायचं की ठेवायचं ते घरच्यांनी ठरवा. मुलगा परगावी होता. तिने फोन लावला. तो म्हणाला, “मला नको विचारूस, तूच ठरव.” तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो आला आणि भरल्या घरात सगळ्यांच्या देखत म्हणाला, “एवढी काय घाई होती?” तेवढंच. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही, आणि तिलाही काढवला नाही. आपण केलं ते चूक नव्हतं, असं त्या एका तोंडून ऐकावं, एवढीच तिची इच्छा उरली होती. बाकी जगाने काय म्हणावं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

त्या दिवशी टीव्हीवर भलतंच झालं. इंजिनीअरला परग्रहावरचं विष बाधलं. त्याला काचेच्या पेटीत झोपवलं होतं, पेटीतल्या हवेवर तो जगत होता, आणि यानातली हवा संपत आली होती. कप्तान डॉक्टरणीला म्हणाला, “निर्णय तुझा.” तिने नवऱ्यावरच्या काचेला एक तळहात लावला आणि दुसऱ्या हाताने पेटीचं बटण बंद केलं.

एरवी अशा वेळी आजी ‘तुझा मुडदा बशिवला’ म्हणत कप्तानाला फैलावर घ्यायची. लोक त्यासाठीच तर बघायचे. आज ती गप्प होती.

“आई, बोल ना,” कॅमेऱ्यामागून मुलगा कुजबुजला.

“काय बोलू?” ती टीव्हीकडेच बघत म्हणाली. “मलाही असंच विचारलं होतं, कॉरिडॉरमध्ये उभं करून. बसायला खुर्चीसुद्धा नव्हती. तुला फोन केला तर तू म्हणालास, तूच ठरव. मग मी आत गेले. त्यांचे पाय उघडे पडले होते, गार लागत होते. पांघरुणात घेतले आणि म्हटलं, काढा. रोज वाटतं, अजून थोडं थांबले असते तर. हिला हवा संपल्याचं निमित्त तरी होतं. मला काय होतं?”

दारात उभ्या असलेल्या सुनेने तोंडावर हात घेतला. आता हा काहीतरी बोलेल, असं आजीला वाटलं. मुलाने कॅमेरा थांबवला. मग म्हणाला, “आवाज नीट आलाय का बघतो.”

आवाज नीट आला होता. संध्याकाळी त्याने ते कापूनजोडून इंटरनेटवर टाकलं. कॉरिडॉर ठेवला, गार पाय ठेवले, ‘अजून थोडं थांबले असते तर’ हे तर वर ठळक अक्षरांत दिलं. फोनचं वाक्य तेवढं काढलं.

“तेवढंच का काढलंस?” सुनेने विचारलं.

“लांबत होतं,” तो म्हणाला.

मग जो बोभाटा झाला तो काही विचारू नका. लोकांना आधी एक मालिका होती, आता दोन झाल्या. दोन तट पडले. एक म्हणे, डॉक्टरणीचं बरोबर आणि आजीचंही बरोबर. दुसरा म्हणे, दोघीही खुनी. आजी कोण, तिचा नवरा कोण, कशाने आजारी होता, कशाचा पत्ता नाही, पण निकाल द्यायला सगळे न्यायाधीश. मुलगा जेवता जेवता मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवायचा.

“हा बघ काय म्हणतोय. ‘म्हातारीला नवऱ्याची कटकट संपवायची होती, दुसरं काय.’ ढीगभर लोक हसलेत याच्यावर. आणि ही, ‘आम्ही तर आता आमच्या आजीला आजोबांच्या खोलीत एकटं सोडत नाही.’ काय डोकं चालतं एकेकाचं.”

“बंद कर ना ते,” सून म्हणाली.

“का? चिडलेत म्हणून तर बघतायत. गप्प बसले असते तर काळजी.”

आजीने पाण्याचा पेला खाली ठेवला. “तू कुठल्या बाजूचा?”

“म्हणजे?”

“एवढे लोक सांगतायत ना, बरोबर, चूक. तू कुठल्या बाजूचा?”

तो हसला. “मी कुठल्याच नाही गं. चॅनेल माझं आहे. चालवणाऱ्याने बाजू घ्यायची नसते.”

ती ताटावरून उठली नाही. अन्न टाकायची तिला सवय नव्हती. सगळं संपवून, ताट धुऊन मग ती आपल्या खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिली. तिला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली, की आपण विचारायला गेलोच कशाला.

शनिवारी पुढचा भाग बघायचा होता. दुपारी सून तिच्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं.

“आई, आज बरं वाटत नाही म्हणून सांगा त्याला.”

“का गं? मला काय धाड भरलीय?”

“सांगा ना. आजचा भाग नका बघू तुम्ही.”

“आज नाही बसले, तर पुढच्या शनिवारी तो बोलवेल का मला?”

आजीने तोंड धुतलं, केस विंचरले आणि दिव्यासमोर जाऊन बसली.

भाग अर्ध्यावर आला तेव्हा कप्तानाने हिरव्यांशी तह केला आणि त्यांनी विषावरचा उतारा दिला. सगळ्यांनी जिला शवपेटी समजून कोपऱ्यात ढकललं होतं ती काचेची पेटी उघडली. ती म्हणे पूर्ण बंद पडलीच नव्हती, आतल्या आत कुठेतरी चालू राहिली होती. इंजिनीअरने डोळे उघडले. समोर डॉक्टरीण उभी होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, “एक दिवस थांबली असतीस.”

गावोगावच्या घरांत हा भाग बघताना लोक सोफ्यावरून उड्या मारत होते. त्यांचा लाडका इंजिनीअर परत आला होता. आजीचे हात मांडीवर होते तसेच राहिले. गेलेलं माणूस असं उठून बसत नाही, ही सगळी लिहिणाऱ्यांची लबाडी आहे, एवढं तिला कळत होतं. तरी ते वाक्य तिलाच लागलं. तिने टीव्हीवरून नजर काढली आणि कॅमेऱ्याच्या वर, मुलाच्या तोंडाकडे पाहिलं.

“तुला माहीत होतं?”

“काय?”

“हा उठणार ते.”

“अगं, भाग नेटवर शुक्रवारीच येतो, मी आदल्या दिवशीच बघून ठेवतो. नाहीतर तुझा चेहरा जवळून कधी घ्यायचा ते कसं कळणार?” मग आवाज जरा मऊ करून तो म्हणाला, “आई, लोक वाट बघतायत गं. तू आता काय म्हणतेस ते दोन्ही बाजूंना ऐकायचंय. रडलीस तरी चालेल. पण असं दगडासारखं नको.”

सून दारातून निघून गेली.

आजीने पदर सारखा केला. नोकरीत असताना एका क्षणी शिव्या खाऊन दुसऱ्या क्षणी पुढच्या माणसाशी गोड बोलायचं, हे तिला कुणी शिकवायची गरज पडली नव्हती.

“मागे घे,” ती म्हणाली. “तो डोळे उघडतो तिथून लाव.”

त्याने लावलं. इंजिनीअरने पुन्हा डोळे उघडले. या वेळी आजीने टाळी वाजवली, दोन्ही हात गालांवर घेतले. “आला गं बाई, आला. मेल्या, किती झोपलास, इकडे सगळ्यांचा जीव टांगणीला. आणि तू गं डॉक्टरणी, चुकलीस ती चुकलीसच. घाई केलीस. आता धर त्याचा हात आणि सोडू नकोस.” तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. बघणाऱ्यांना काही कमी पडणार नव्हतं.

मुलगा कॅमेऱ्यामागून पुढे आला. असं त्याने याआधी कधी केलं नव्हतं. तो तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला, तिला जवळ घेतलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं. वडील गेले तेव्हाही त्याने तिला असं धरलं नव्हतं. त्याच्या मानेला लहानपणी यायचा तोच घामाचा वास येत होता. तिने हात उचलून त्याच्या पाठीवर ठेवला.

“चालू आहे का रे अजून?” तिने त्याच्या कानात विचारलं.

“हो,” तो तितक्याच हळू म्हणाला. “हलू नकोस.”

ती हलली नाही.