थाळीतली चिंच

मालनबाईंनी चिंच थाळीतून अलगद उचलली, मांडीवरच्या गोणपाटावर आडवी घेतली आणि मुळांचा गुंता सोडवायला सुरुवात केली. चौदा वर्षांचं झाड, पण उंची वीतभरच. खोड मात्र बोटभर जाड, सालीला भेगा पडलेल्या आणि एका अंगाला झुकलेलं, वर्षानुवर्षं एकाच बाजूने वारा लागल्यासारखं. लांबून पाहिलं तर एखाद्या वेशीवरची जुनी चिंचच वाटावी.

समोरच्या पायरीवर त्यांचा थोरला भाऊ कारभारी चहाची बशी हातात घेऊन बसला होता. कात्री चालली की त्याच्या कपाळाला आठी पडायची.

"एवढी मुळं कापतीस, मरत न्हाई का गं ती?"

"आषाढात कापली तर मरत नाही. नवी फुटतात. चैत्रात कापली तर जाते!"

शेवटचं वाक्य जरा जोरातच निघून गेलं. मालनबाईंनी मान खाली घातली आणि मुळांवरची माती काडीने उकरू लागल्या.

कारभारी सकाळच्या गाडीने नगरला आला होता, तोही हात हलवत. एरवी भाऊ आला की पिशवीत शेंगा, बाजरी, काही ना काही असायचंच. आज पिशवी रिकामी होती, नीट घडी घालून काखेत धरलेली. रिकामी पिशवी घेऊन आलेला माणूस काहीतरी न्यायला आलेला असतो, हे मालनबाईंनी तो दारात दिसताच ओळखलं होतं.

"माले, एक काम घिऊन आलोय," बशी खाली ठेवत तो म्हणाला. "नव्या गावठानात तू आली न्हाईस आजून. रस्ते पट्टीनं आखल्यावानी सरळ हायेत. पत्र्याची घरं, शाळा, समदं झालं. पन टेकायला सावली न्हाई. सभा भरली तवा ठरलं, वेशीवर आपली चिंच लावायची. खड्डा बी खंदलाय. काट्याचं कुंपन करून ठिवलंय."

"आपली चिंच म्हणजे?"

"ही."

मालनबाईंच्या हातातली काडी थांबली.

त्यांचं माहेर दोन वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्यात गेलं. वेशीवरची चिंच त्याआधीच ठेकेदाराने तोडून लाकडं ट्रकात भरून नेली. अशी चिंच पंचक्रोशीत दुसरी नव्हती. शेंग फोडली की आतला गर कुंकवासारखा तांबडा. लहानपणी मालन आणि तिच्या मैत्रिणी तो ओठांना चोळून शाळेत जायच्या आणि गुरुजींच्या छड्या खायच्या. धरण होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा मालनबाई लग्न होऊन नगरला आलेल्या, म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीणही झालेल्या होत्या. कॅम्पातल्या एका मेजरसाहेबांच्या बाईंना त्या मराठी शिकवायला जात. त्या बाईंनी बंगल्याच्या व्हरांड्यात थाळ्यांमधून वड, पिंपळ, डाळिंब अशी खुजी झाडं वाढवलेली होती. मालनबाई तासन् तास ती बघत बसायच्या. शिकवणी कुणाची चालली आहे, असा प्रश्न पडावा! गाव तर काही उचलून आणता येत नाही, पण त्याची चिंच अशी थाळीत ठेवता येईल, हे तिथेच त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी भावाला निरोप धाडला, चिंचेखाली उगवलेलं एखादं रोप घेऊन ये. आणि कारभारीने ते ओल्या पंच्यात गुंडाळून आणून दिलं होतं.

ते रोप पुढच्याच चैत्रात मेलं. शिकाऊ हात आणि भारी उत्साह. भर उन्हाळ्यात मुळं छाटली आणि आठ दिवसांत पानं झडून काडी उरली. मालनबाई दोन रात्री रडल्या. दिवाळीत भाऊ ओवाळून घ्यायला येणार, त्याला काय दाखवायचं? मग त्यांनी शाळेच्या कुंपणामागे उगवलेलं तेवढ्याच उंचीचं दुसरं रोप आणून त्याच थाळीत लावलं. त्यांच्या यजमानांना, रंगनाथरावांना, चिंच आणि बाभूळ यांतला फरकही दुसऱ्याने सांगावा लागे, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागायचा प्रश्नच नव्हता. भाऊबीजेला कारभारी आला, थाळीपुढे उकिडवा बसला आणि शेजारच्या लंकाबाईंना अभिमानाने म्हणाला, "आमच्या वेशीवरली हाय."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हा नाही बोलल्या आणि मग बोलणं दरवर्षी अवघड होत गेलं. जमिनीच्या कामाला गावातली माणसं कलेक्टर कचेरीत यायची, ती वाट वाकडी करून मालनबाईंच्या घरी चिंच बघायला यायची. गाव बुडालं त्या वर्षी तर सहादू पाटलासारखा दांडगा माणूस या थाळीपुढे टोपी काढून लहान पोरासारखा रडला. मालनबाई आत चहा ठेवायला गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

"नाही जमायचं, दादा," त्या आता म्हणाल्या. "थाळीतलं झाड आहे. उन्हावाऱ्यात टिकणार नाही."

"टिकंल. आमी रोज पानी घालू."

"जमिनीत लावलं की हे रूप राहायचं नाही. चौदा वर्षं एकेक फांदी वळवली आहे मी."

"रूप न्हाई ऱ्हायलं तर न्हाई. सावली तर पडंल." कारभारी थोडा पुढे सरकला. "गोजरआक्का रोज इचारती. डोळं गेलं तिचं. म्हनती, मालनीनं जतन केलीय ती चिंच एकदा हाताला लागू दे, मंग मी जायला मोकळी."

गोजरआक्का म्हणजे त्यांची चुलती. मालनची आई लवकर गेली, तेव्हा हिनेच तिला न्हाऊमाखू घातलं होतं. मालनबाईंच्या डोळ्यांपुढे तिचा खरबरीत हात आला, चिंचेची पानं चाचपणारा. तिच्याशी तरी खोटं कसं बोलायचं? आणि दहा-बारा वर्षांनी शेंगा धरल्या, कुणी फोडून पाहिल्या आणि आत साधा तपकिरी गर निघाला तर? गावाच्या नावाने साऱ्या जन्माचा खोटेपणा वेशीवर उभा राहील. त्यांनी कात्री बाजूला ठेवली. पदराने हात पुसले, पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"दादा, ही ती नाही."

"काय न्हाई?"

"ही आपल्या गावची चिंच नाही. तू आणलेलं रोप पहिल्याच वर्षी माझ्या हातून मेलं. हे शाळेच्या कुंपणामागचं आहे. चौदा वर्षं मी तुम्हा सगळ्यांना फसवलं."

 कारभारीने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि डोकं खाजवलं. रागावेल, निदान उठून तरी जाईल, असं मालनबाईंना वाटलं. पण त्याचे खांदे हलू लागले. तो हसत होता, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"दादा!"

"माले, आता तू मला मारशील." त्याने पंच्याने डोळे टिपले. "मी तुला दिल्यालं रोप बी त्या चिंचेखालचं नव्हतं. गावातनं निघताना पार इसरून गेल्तो. हितं नगरात उतरलो तवा आठवलं. आता हात हलवत कसं यायचं? स्ट्यांडाच्या मागं उकिरड्याच्या कडंला एक रोप हुतं, त्येच उपटलं."

"उकिरड्यावरचं?"

"कडंचं."

"अरे, त्याच्या मुळांना माती होती! गावची माती म्हणून मी ती हुंगत बसले होते. रडले होते तिच्यावर!"

"ती उकिरड्याची हुती," कारभारी शरमून म्हणाला.

मालनबाईंनी हाताला लागलेलं मातीचं ढेकूळ त्याला फेकून मारलं. राग खरा होता, भरपूर होता, पण त्याला धरून ठेवायला काही जागाच सापडेना. त्यांनाही हसू फुटलं आणि हसता हसताच एक गोष्ट ध्यानात आली. म्हणजे तांबडी चिंच खरोखरच गेली होती. तिचा एक कोंबही कुठे उरला नव्हता, या थाळीत तर तो कधी आलाच नव्हता.  शेजारी लंकाबाईंच्या घरी कुणीतरी भांडी घासत होतं.

"मग आता रे?"

"खड्डा तर खंदलाय," कारभारी म्हणाला. "बाकी तू ठरीव. समद्यास्नी खरं सांग म्हनलीस तर सांगतो. चूक माझी पयली."

 मालनबाईंनी मांडीवरची चिंच सरळ केली. कापायची राहिलेली मुळं तशीच लांब सोडली, त्यांच्याभोवती ओली माती थापली आणि गोणपाटाचा घट्ट गोळा करून सुतळीने बांधला.

दुपारी त्या स्टँडवर पोचवायला गेल्या. पारनेरची गाडी भरत आली होती. कारभारी खिडकीशी बसला, मांडीवर पोर धरावं तसं गोणपाटाचं गाठोडं धरून. गर्दीतून वाट काढत कंडक्टर त्याच्यापाशी आला आणि थांबला.

"बाबा, हे काय घेतलंय?"

कारभारीने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने खिडकीतून खाली, बहिणीकडे पाहिलं. तो वाट बघत होता. मालनबाईंनी गजांना धरलं आणि टाचा उंचावल्या.

"आमच्या गावची चिंच हाय ती," त्या म्हणाल्या. "जपून न्या."

"एवढीशी?"

"भैनीनं धरून ठिवल्ती," कारभारी म्हणाला. "आता वाढंल."

कंडक्टरने तिकीट फाडलं आणि घंटीची दोरी ओढली.