सवलतीचं मीठ

मी सहकार खात्यात लेखापरीक्षक झालो तेव्हा वाडीतल्या कुणाला हे काम धड सांगता आलं नाही. आई सांगायची, "माझो झील साहेब झालो." शेजारच्या यमुनाबाई म्हणायच्या, लोकांच्या चोऱ्या शोधूक पगार मिळता. यमुनाबाईंचं जास्त बरोबर होतं.

सन त्रेसष्टच्या मे महिन्यात आमच्याच वाडीच्या मच्छीमार सोसायटीची तपासणी माझ्याकडे आली. हे माझं गाव आहे, दुसऱ्याला पाठवा, असं मी रत्नागिरीच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, राहण्याचा भत्ता वाचला. सरकारी डोकं असं चालतं.

सोसायटीचे सेक्रेटरी काशीरामकाका, बाबांचे जिवलग दोस्त. माझी कोल्हापूरच्या कॉलेजची फी त्यांनी भरली होती. त्यांनी वह्या समोर ठेवल्या आणि कचेरीतलं मराठी काढून म्हणाले, "काढा बघू चूक, साहेब."

चूक नव्हती. सरकार मासे खारवायला सोसायटीमार्फत सवलतीत मीठ द्यायचं. ज्या होडीला जितकी मासळी, तितकं तिला मीठ. रोजची मासळी, रोजचं मीठ, पैनपै जुळत होतं. इतकं जुळलेलं बघितलं की माझं डोकं दुखायला लागतं. खऱ्या माणसाच्या हिशेबात कुठेतरी शाई सांडलेली असते.

सणाचे दिवस कोरे होते. जत्रेचा कोरा, शिमग्याचे कोरे. मग मार्गशीर्षातलं एक पान आलं आणि माझा हात थांबला. त्या दिवशी बाबा वारले होते.

आमच्याकडे वाडीत कुणी गेलं की होडी पाण्यात पडत नाही. हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. त्या दिवशी मी रत्नागिरीहून पोचलो तेव्हा सगळ्या होड्या वाळूवर होत्या आणि सगळे पुरुष आमच्या अंगणात. वहीत मात्र वाडीतली प्रत्येक होडी मासळी घेऊन आली होती. बाबांच्या होडीनंसुद्धा चार टोपल्या बांगडे आणले होते.

एक दिवस खोटा सापडला की बाकीचे उसवायला वेळ लागत नाही. नसलेल्या मासळीचं मीठ कुडाळच्या बाजारात चढ्या भावानं विकलं जात होतं.

मी पान काकांपुढे सरकवलं. त्यांनी तारीख वाचली, पुन्हा वाचली. कचेरीतलं मराठी गळून पडलं.

"चुकी झाली रे झिला. वर्साचा सगळा मी एकदम लिवूक बसलंय. सगळे सण सोडलंय. ह्यो दीस ध्यानात रवलो नाय."

मिठाच्या पैशाचा मला तेवढा राग आला नाही. तिरडीला पुढचा खांदा ह्याच माणसाचा होता, आणि तो दिवस त्याच्या ध्यानात राहिला नव्हता, ह्याचा आला.

"तू लिवलंस तर माका बेड्यो पडतल्यो," ते म्हणाले. "आदी आवशीक इचार."

आईला मी घरी येऊन एवढंच सांगितलं, की काकांनी मीठ विकलं आणि मला ते लिहावं लागेल. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "खाल्ल्या मिठाक जाग रे. तुझी फी कोणी भरल्यान? बापाशीक जमाचा होता काय ता? लिवू नको."

नोकरी म्हणत होती लिही आणि आई म्हणत होती लिहू नको. मग तिनंच विचारलं, "तुका गावला कसा?"

"बाबा गेले तो दीस तेनी मासेमारीचो लिवल्यान."

तिचा हात थांबला. "आमची होडी पण?"

"चार टोपले बांगडे."

तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही. "मी भायर रडी होतंय," ती म्हणाली, "नि माझ्या घोवाची होडी तेनी दर्यात धाडल्यान?"

ती उठली. ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेल्या पाटल्या घेऊन आली. बाबा गेल्यापासून त्या तिच्या हातात नव्हत्या. तिनं त्या माझ्यापुढे ठेवल्या.

"ह्यो मोड. फीचे पैशे आदी तेच्या हातार ठेव. मगे बसान लिव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी सोनाराकडे गेलो आणि मग सोसायटीत.