मानसोपचाराला गर्दी कमी

वरकुट्याच्या रामहरी तात्यांची लेक संजीवनी जॉर्जियाहून डॉक्टर होऊन आली, तेव्हा गाव तिला 'फॉरेनची डॉक्टरीण' म्हणू लागलं, कौतुकानं. इंदापुरातले एक मोठे डॉक्टरही तिला तेच म्हणाले, पण वेगळ्या सुरात. इथली परीक्षा पास झाली, वर्षभर इंटर्नशिप झाली, तरी तो सूर काही बदलला नाही. पुढं तिनं इंग्लंडात जाऊन स्पेशालिस्ट व्हायचं ठरवलं, तर तिथल्या अर्जातही तिचं नाव 'परदेशात शिकलेले' याच रकान्यात गेलं. खरं तर जॉर्जियातही ती परदेशीच होती.

तोवर ती भवानीनगरला कारखान्याजवळच्या एका खासगी दवाखान्यात दिवसपाळी करायची. ऊसतोडीच्या हंगामात तोडकऱ्यांची पोरं यायची. ताप, जुलाब, खोकला. दुपारी जेवायची वेळ टळून जायची आणि तिच्या ते ध्यानातही नसायचं.

"मॅडम, तुम्ही लहान मुलांच्याच डॉक्टर व्हा," तिथल्या सारजा सिस्टर म्हणायच्या.

पण संजीवनी असल्या बाबतीत भावनेवर जाणारी नव्हती. इंग्लंडात कुठल्या शाखेला किती जागा, किती अर्ज, बाहेरून आलेल्यांपैकी किती जण निवडले गेले, हे सगळं शोधून तिनं अकरा रकान्यांचा तक्ता केला. अवघड शाखा लाल, मधल्या पिवळ्या, सोप्या हिरव्या. बालरोग लाल निघालं. मानसोपचार हिरवं. आणि तो हिरवा रंग दिसल्यापासून पंधरा दिवसांच्या आत, आपल्याला माणसाच्या मनाची ओढ लहानपणापासूनच होती, असं तिला आठवू लागलं.

"तितं गर्दी कमी का म्हनं?" तात्यांनी विचारलं.

"लोकांना अजून कळलं नाही म्हणून."

"मग तू बी कुनाला सांगू नगंस."

तिनं फक्त मोनाला सांगितलं. मोना वडगाव निंबाळकरची, जॉर्जियात तिच्याच खोलीत राहिलेली. मोनानंही तो तक्ता फक्त आपल्या जिवाभावाच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये दोनशे चाळीस डॉक्टर होते. आठवड्याभरात तोच तक्ता संजीवनीच्या फोनवर परत आला, तेव्हा त्याच्यावर बारामतीच्या राजवर्धन सरांच्या क्लासचा शिक्का आणि फोन नंबर होता.

इंग्लंडच्या निवड परीक्षेला ती पुण्याला गेली. रांगेतल्या पुढच्या मुलीला तिनं सहज विचारलं, "कुठली शाखा?"

"सायकियाट्री. तिथं गर्दी कमी आहे."

मागचा मुलगा म्हणाला, "अरे वा, माझीपण."

त्या वर्षी मानसोपचाराचे अर्ज दुपटीच्या वर गेले. संजीवनीला जे गुण पडले, त्यावर आदल्या वर्षी तिची निवड आरामात झाली असती. या वर्षी ती थोडक्यात हुकली. मोनाची निवड झाली.

"संजू, हे सगळं तुझ्यामुळं गं!" मोना फोनवर रडत रडत म्हणाली. ती अगदी मनापासून बोलत होती. संजीवनीनंही मनापासून अभिनंदन केलं. फोन ठेवून ती वाटाणे सोलायला बसली आणि टरफलं पातेल्यात, दाणे म्हशीच्या पाटीत टाकत राहिली. तिच्या आईनं, चंद्राबाईनं, पातेलं तेवढं आपल्याकडं ओढून घेतलं.

तात्या मात्र बोलले. "मागल्या साली ढोबळीला दर घावला म्हनून औंदा समद्यांनी ढोबळीच लावली, तसंच झालं म्हन की."

"तात्या, हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, डॉक्टर लोकं तरी शानी असतील."

महिन्याभरानं राजवर्धन सरांचा फोन आला. बारामतीत मार्गदर्शन मेळावा होता आणि तक्ता करणाऱ्या मॅडमच हव्या होत्या. खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवून ती गेली. हॉल भरलेला. दारातल्या फ्लेक्सवर मोनाच्या शेजारी तिचाही फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'अचूक निवड, हमखास यश'.

"हा तक्ता मागच्या वर्षीचा होता," तिनं माईकवर सांगितलं. "तुम्ही सगळ्यांनी तो वाचला, त्या दिवशीच तो चुकला. आणि तो करणारी मी, माझी निवड झालेली नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या मुलानं हात वर केला.

"मॅडम, या वर्षीचा तक्ता कधी मिळेल?"

मागून म्हाळसाबाई नावाच्या एक बाई उठल्या. "माझ्या श्रेयानं काय करावं, तेवढं सांगा."

"श्रेयाला काय आवडतं?"

म्हाळसाबाईंनी श्रेयाकडं पाहिलं. श्रेयानं राजवर्धन सरांकडं पाहिलं.

संजीवनी एसटीनं परत निघाली तेव्हा तिला त्या मुलीचं हसू येत होतं. भवानीनगरच्या पुढं आल्यावर ते थांबलं. आपल्या अकरा रकान्यांत तरी तो प्रश्न कुठं होता?

पुढच्या वेळी तिनं बालरोगाचा अर्ज भरला.

"गर्दी किती हाय?" तात्यांनी विचारलं.

"लई."

"आन् तरी?"

"मला लहान मुलं आवडतात, तात्या."

तात्यांनी जरा विचार केला. "हे पयलंच बोलली असतीस, तर एक साल वाचलं असतं."

कॉम्प्युटरवर मुलाखत झाली. जुलाबानं गळून गेलेलं मूल आणि तुमची भाषा न समजणारी आई समोर आहे, काय कराल, असं तिकडच्या परीक्षकांनी विचारलं. संजीवनीनं गेल्या हंगामातल्या एका तांड्यावरच्या बाईची हकिकत सांगितली. वेळ संपल्याचं त्यांनाच सांगावं लागलं. आधी तिचं नाव प्रतीक्षायादीत लागलं. नंतर कुणीतरी उत्तरेकडच्या एका थंड, आडबाजूच्या बंदराच्या गावची जागा नाकारली आणि ती तिला मिळाली.

दुसऱ्याच दिवशी राजवर्धन सरांनी फोन केला. "म्हणजे मॅडम, बालरोग सोपं निघालं तर!"

"सोपं नाही हो. मी शेवटच्या काही जणांत होते."

"पण झालं ना?"

संध्याकाळी क्लासच्या पाटीवर नवी ओळ आली: 'यंदा बालरोग'.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती तिकडं रुजू झाली. तिसऱ्याच दिवशी चार वर्षांच्या एका पोरानं घसा दाखवायच्या ऐवजी तिचं बोट कडकडून चावलं. हे फोनवर सांगताना तिला हसू आवरत नव्हतं, असं चंद्राबाई अजून शेजारणींना सांगते. आणि आपली पोर हसत का होती, हे काही तिला कळलेलं नाही.